बोटी बंद करणं म्हणजे बंदोबस्त नव्हे

राज्यातल्या धरणांच्या आणि नद्यांच्या पाण्यावर ज्यांची ज्यांची सही चालते, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना,

स. न. वि. वि.

मायना असा लांबट झाला, कारण नेमकं कुणाला लिहायचं हे इतक्या वर्षांत आम्हाला कळलेलं नाही. पाणी जलसंपदा खात्याचं. पलीकडचं रान वन खात्याचं. पर्यटक पर्यटन खात्याचे. बोटीची नोंदणी आणि तपासणी मेरीटाईम बोर्डाकडे. तराफा आणि गावची लाँच जिल्हा परिषदेची. बुडालेला माणूस तेवढा पोलिसांचा. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच, आणि उघड्यावर.

मी सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बोट चालवतो. बामणोलीच्या काठावरून माणसं वासोटा किल्ल्याला नेतो, त्रिवेणी संगम दाखवतो आणि गरज पडली की पलीकडच्या गावातला पेशंट अलीकडे आणतो. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची खाचरं खाली गेली. भावकीतली निम्मी माणसं सरकारनं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी वाटली. जी गेली नाहीत ती डोंगरात वर सरकली. माझे वडील लाकडी होडी वल्हवायचे. आता फायबरची बोट आणि मागं मशीन आहे. धंदा बदलला असं लोक म्हणतात, पण आमच्याकडं आधी धंदा नव्हताच, ती वाट होती. पाण्यानं जुनी वाट गिळली म्हणून होडी आली. पर्यटक फार नंतर आले.

हे लिहायचं कारण असं. राज्यात कुठंही बोट उलटली की दुसऱ्या दिवशी आमच्या काठावर निरोप येतो : पुढच्या सूचना येईपर्यंत बोटी बंद. लेखी काही नसतं. कुणाचा निरोप विचारलं तर ‘वरून’. शनिवार-रविवारचं बुकिंग परत करायचं, पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पोरांच्या शिव्या खायच्या, आणि पाचसहा दिवसांनी दुसरा तोंडी निरोप येतो : करा सुरू, जरा सांभाळून. मधल्या दिवसांत काय बदललं? बोट तीच, जॅकेट तेच, काठ तोच, वारा तोच. गेल्या हंगामात हे पुन्हा झालं. तेव्हा मी एका कार्यालयात जाऊन विचारलं की बंदीच्या काळात तपासणी कोण करणार होतं. समोरचे साहेब वाईट नव्हते, चहाही पाजला. पण उत्तर त्यांच्याकडं नव्हतं, आणि ज्यांच्याकडं असेल असं वाटलं त्यांचा फोन लागला नाही.

अपघात झाले ते आम्हीही वाचतो, साहेब. वाचतो म्हणण्यापेक्षा त्या रात्री आम्हाला झोप लागत नाही. 2021 च्या सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यात झुंजला वर्धा नदीत होडी उलटली आणि अकरा जण गेले, घरच्या दशक्रियेसाठी जमलेली माणसं. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोघे गेले. 2024 च्या जानेवारीत गडचिरोलीतल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडं निघाल्या होत्या. डोंगा उलटला, सहा जणी गेल्या. त्याच वर्षी 21 मे ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात सापडली. सहा जण बुडाले, त्यांत एका जोडप्याची दोन लहान लेकरं. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले म्हणून निदान बोट कुठं बुडाली ते तरी लवकर कळलं. डिसेंबरात मुंबईत गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा माणसं गेली. त्या बोटीचा परवाना 84 प्रवाशांचा होता आणि वर शंभरापेक्षा जास्त माणसं होती.

ही यादी नीट बघा. मिरची तोडायला जाणारी बाई पर्यटक नव्हती. कळाशीला जाणारं कुटुंब पर्यटक नव्हतं. दशक्रियेची माणसं फिरायला म्हणून जमली नव्हती. तरी दर वेळी ओरड होते ती पर्यटनाच्या नावानं, आणि बंदी येते ती वासोट्याच्या बोटींवर. गावाच्या माणसाला पलीकडं जायचंच असतं, तो बंदीतही जातो. कुणाची तरी जुनी होडी सोडतो, जॅकेटाशिवाय. तुमच्या बंदीनं धोका थांबत नाही, तो फक्त कागदावरून उतरतो.

आता आमच्या तक्रारी. क्रमानं लिहितो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, कायद्याची. केंद्रानं 1917 चा जुना कायदा काढून 2021 मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. 2022 पासून तो लागू आहे. नोंदणी, सर्वेक्षण, चालकाचं प्रमाणपत्र, विमा, सगळं त्यात आहे, आणि तलाव-जलाशयही त्यात येतात. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरणही 2021 चंच. दोन्ही चांगले आहेत, खरंच सांगतो. पण बामणोलीच्या किंवा तापोळ्याच्या नावाड्यानं ही प्रमाणपत्रं कुठून आणायची? बोट सातारला घेऊन जाता येत नाही. तपासणी करणाऱ्यानं बोटीकडं यावं लागतं. तो आला तर एका दिवसात काठावरच्या सगळ्या बोटी बघून होतील. तो येत नाही आणि आम्ही ‘विनापरवाना’ ठरतो. मग अपघात झाला की बातमीत पहिली ओळ हीच असते.

दुसरी, जॅकेटांची. तुम्ही प्रत्येक बैठकीत ‘लाईफ जॅकेट सक्तीचं’ असं लिहिता. जॅकेट आहे का एवढंच विचारलं जातं, कसं आहे ते कुणी बघत नाही. एकदा हंगाम संपताना काठावर या. बोटीच्या फळीखालून एखादं जॅकेट उचला आणि दाबा. आतल्या फोमनं पाणी धरलेलं असतं, दाबलं की मनगटावरून ओघळ येतो. बक्कल तुटलेलं, त्या जागी सुतळी. पट्टे उन्हानं करकरीत झालेले, ओढले की शिवणीतून सुटतात. असलं जॅकेट फोटोत नारिंगी दिसतं, पाण्यात काही उपयोगाचं नाही. त्याहून वाईट म्हणजे लहान मुलांच्या मापाची जॅकेटं बहुतेक बोटींवर नसतातच. चार वर्षांच्या पोराला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर जातं आणि पोर त्यातून खाली सटकतं. हे आई-बापांना माहीत नसतं, ते निर्धास्त असतात. आमच्यातल्या काहींनी पदरचे पैसे घालून मुलांची जॅकेटं आणली आहेत, पण चांगलं प्रमाणित जॅकेट स्वस्त मिळत नाही, आणि बाजारातलं स्वस्त जॅकेट प्रमाणित नसतं.

इथं पर्यटकांबद्दलही बोलायला हवं, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येणार. ‘दादा, अजून दोघांना घ्या ना, आम्ही अ‍ॅडजस्ट करतो.’ बोट अ‍ॅडजस्ट करत नाही हो. जॅकेट घाला म्हटलं की ‘गरम होतं’, ‘फोटो खराब येतो’, आणि धक्का सोडून थोडं पुढं गेलं की काढून मांडीवर घेतात. सगळे एकाच बाजूला उभे राहून सेल्फी काढतात. एखादा सकाळी सकाळीच ‘घेऊन’ आलेला असतो. मी नाही म्हटलं तर रांगेतला माझा नंबर जातो आणि पुढचा त्यांना बसवतो. चुकतं आमच्यातल्याही काहींचं. पण नियम नुसते नावाड्यावर आहेत, प्रवाशावर काहीच नाही. दुचाकीवर हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसलेल्याला, दोघांनाही सक्तीचं आहे ना? पाण्यावर तसं का नाही?

तिसरी, काठाची. ज्यांनी शिवसागर फक्त ऑक्टोबरात पाहिला त्यांना हे समजायचं नाही. धरण भरलं की 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी. मग पोफळीच्या बाजूला वीज करायला पश्चिमेकडं पाणी सोडतात, खाली शेतीला सोडतात, आणि आमचा काठ दर आठवड्याला खाली सरकतो. दिवाळीत जिथं बोटीला पाय लावून चढता येतं, तिथं एप्रिल-मे मध्ये नुसता चिखलाचा उतार असतो. सिमेंटचा धक्का वर कोरडा पडतो. त्याच्यावर कुत्री झोपतात. खाली आम्ही चपटे दगड मांडून पायवाट करतो, ती चार दिवसांत पाण्यापासून लांब जाते, की परत दगड. त्या घसरणीवरून बाळंतीण उतरवायची, म्हातारीला पाठकुळी घ्यायचं, तांदळाची पोती न्यायची. पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती आणि वठलेली खोडं वर डोकावतात. मशीनचा पंखा त्यावर बसला की पिन तुटते आणि बोट मधोमध वाऱ्यावर. कुठं काय आहे ते आम्हा जुन्यांना पाठ आहे, नव्या पोराला नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर ज्याला खुणेचं पिंप म्हणता येईल असं पिंप मला तरी कुठं तरंगताना दिसलेलं नाही.

चौथी वाऱ्याची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. वळवाचे दिवस असले की दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर काळं येतं. खोरं लांब आणि अरुंद, दोन्हीकडं डोंगर. वारा वरून उतरतो आणि पाण्यावर सरळ धावत येतो. पंधरा मिनिटांपूर्वी ताटलीसारखं असलेलं पाणी उसळायला लागतं. तेव्हा लाट कुशीवर घ्यायची नसते, नाळ, म्हणजे बोटीचं तोंड, लाटेत घालायची, मशीन कमी करायचं आणि ज्या डोंगराच्या आडोशाला वारा कमी त्या बाजूला हळूहळू सरकायचं. घाई करून सरळ धक्क्याकडं सुटला तो गेला. उजनीत ते वादळ असंच संध्याकाळी आलं होतं. हवामान खातं हल्ली तीन-तीन तासांचे इशारे देतं, पण ते मोबाईलवर येतात आणि आमच्याकडं निम्म्या पाण्यावर रेंजच नाही. मेट इंदवलीला, वासोट्याच्या पायथ्याशी, माणसं उतरवून थांबलो की संध्याकाळपर्यंत आम्हाला जगाची खबर नसते. वन खात्याचा नियम असा की अंधाराच्या आत परतायचं. नियम बरोबर आहे, रानात वाघाचा प्रकल्प आहे. पण किल्ल्यावरून पोरं उशिरा उतरली, आणि वर काळं आलं, तर थांबायचं की निघायचं हे ठरवणारा कोण? आज तो मी एकटा. थांबलो तर नियम मोडला, निघालो तर वीस जीव. लाल बावटा लावायचा अधिकार कुणालातरी लेखी द्या. मग पर्यटकानं माझ्याशी हुज्जत घालायचं कारण राहणार नाही आणि माझा नंबर गेला असंही होणार नाही.

समुद्रावर तुम्ही हे करताच की. दर वर्षी 26 मे ते 31 ऑगस्ट किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात. तारीख ठरलेली, लेखी, सगळ्यांना आधी माहीत. अशा बंदीला आमचा काडीचाही विरोध नाही. आमचं भांडण तोंडी बंदीशी आहे.

पाचवी गोष्ट जरा अवघड आहे. 2024 मध्ये मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं. तालुक्यातल्या पोरांना काम मिळत असेल तर आनंदच आहे. तिथं जेट स्कीवर बसणाऱ्याला नवं जॅकेट मिळावं, शेजारी बचावाची बोट असावी, हेही बरोबरच. पण त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात आकल्पे, लामज, उचाटच्या बाजूची माणसं बाजाराला, दवाखान्याला, शाळेला ये-जा करतात. त्यांच्या जिवाचं मोल कमी आहे का? ज्या पाण्याखाली त्यांची शेतं आहेत त्याच पाण्यावर त्यांनी कमी सुरक्षित फिरायचं, हे कुठल्या फाईलला शोभतं? आणि दुसरं. काठाकाठानं अशीच कुजबुज आहे की पुढंमागं सगळं बोटिंग एका ठेकेदाराला दिलं जाईल, ‘व्यावसायिक आणि सुरक्षित’ म्हणून. ठेका म्हणजे सुरक्षा असं समजू नका. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तो तलाव ठेक्यावरच चालवायला दिलेला होता. बोटीत क्षमतेपेक्षा किती तरी जास्त मुलं होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. करारातल्या अटी कुणी वाचायला काठावर उभं नसलं की त्या करारातच राहतात.

शेवटची तक्रार चौकश्यांची. अपघात झाला की चौकशी समिती नेमतात. तिचा अहवाल आम्हा नावाड्यांपर्यंत कधी पोहोचला नाही. बोट कशानं उलटली? भार किती होता, मशीन बंद पडलं का, माणसं एका बाजूला सरकली का, लाट कुठून आली? हे कळलं तर दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या बोटीत सुधारणा करू. दोषी कोण याची आम्हाला इतकी उत्सुकता नाही, ते कोर्ट बघेल.

आता मागण्या. त्यांत स्वप्नातलं काही नाही.

शिवसागरासाठी, आणि अशा प्रत्येक मोठ्या जलाशयासाठी, सगळ्या खात्यांच्या वतीनं बोलू शकेल असा एक अधिकारी नेमा. त्याचं नाव आणि नंबर धक्क्यावर रंगवा. बंदी असो की परवानगी, त्याच्या सहीच्या कागदानं, तारीख आणि कारण लिहून.

दर वर्षी पावसाळा सरला की, वासोटा उघडायच्या आधी, नोंदणी आणि तपासणीचं शिबिर काठावर घ्या. जी बोट नापास होईल ती आम्ही स्वतः वर ओढून ठेवू. पास झालेल्या बोटीवर किती माणसं बसतील तो आकडा बाहेरून दिसेल एवढा मोठा रंगवा, म्हणजे ‘अजून दोघं’ म्हणणाऱ्याला तो बोटानं दाखवता येईल. विम्याचा हप्ता सगळ्या बोटींचा मिळून एकत्र बसवून द्या, एकट्याला तो परवडत नाही.

जॅकेटं प्रमाणित द्या, अनुदानावर द्या, मुलांच्या मापाची आधी द्या, आणि गावच्या लाँचवर, तराफ्यावरही द्या. जुनी जमा करून जाळून टाका, नाहीतर ती फिरून कुणाच्या तरी फळीखाली जातील. जॅकेट न घालणाऱ्या प्रवाशाला दंड करा. बोटवाल्यालाही करा, पण दोघांनाही.

पाण्याबरोबर खाली-वर होणारा तरंगता धक्का बामणोली, तापोळा, शेंबडी आणि पलीकडच्या गावांना हवा. सिमेंट पुरे झालं. खोडं आणि भिंतींच्या जागी खुणेची पिंपं सोडा. ती कुठं सोडायची हे आम्ही दाखवू, त्याचे पैसे नकोत.

इशारा देणारा भोंगा, लाल बावटा आणि प्रत्येक बोटीला एक वायरलेस संच. मोबाईल टॉवरची वाट बघत बसायला लावू नका.

बचावाचं प्रशिक्षण इथं, या पाण्यावर द्या. राज्याची स्कुबा आणि जलक्रीडा संस्था तारकर्लीला आहे, केंद्राची जलक्रीडा संस्था गोव्यात आहे. तिथले प्रशिक्षक आठ दिवस आमच्याकडं आणा. आमची पोरं पोहतात माशासारखी, पण बुडणाऱ्याला कसं धरायचं आणि बाहेर काढल्यावर छाती कशी दाबायची हे कुणी शिकवलेलं नाही. आणि बचावाची एक बोट बारा महिने तयार ठेवा, डिझेलसकट. डिझेल नाही म्हणून उभी राहिलेली सरकारी बोट मी पाहिलेली आहे, म्हणून हा शब्द मुद्दाम घातला.

जलाशयावर कुठलाही ठेका द्यायचा असेल तर धरणग्रस्तांच्या बोटींचा हक्क आधी लिहून घ्या, आणि तो मसुदा ग्रामसभेसमोर ठेवा.

अपघातांचे अहवाल मराठीत जाहीर करा.

सध्या पाऊस आहे. बोटी वर ओढून पालथ्या घातल्या आहेत, तळ घासायचं काम चालू आहे. दसऱ्याला मशीनची पूजा करून आम्ही बोटी पाण्यात सोडतो, त्याच्या आत लेखी उत्तर हवं आहे. ते ‘नाही’ असलं तरी चालेल, पण कुणाच्या तरी सहीचं असावं. आलं नाही तर काठावरचे आम्ही सगळे नावाडी मिळून याच मागण्यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात घेऊन येऊ आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.

कळावे,

आपला,
बामणोलीच्या काठावरचा एक नावाडी